कुंपणाखालून आलेली सूर्यफुलं

४ मार्च

धाकट्या बाईंस,

आज सकाळी माझ्या गाजराच्या वाफ्यात सूर्यफुलाचे एकोणीस कोंब निघालेले दिसले, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. एरवी लिहिलं नसतं. सहा वर्षं दोन्ही घरांत बोलणं नाही आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही.

नोंदीसाठी लिहिते. आपण माझ्या धाकट्या दिराच्या पत्नी. दोघा भावांनी एकाच भिंतीला पाठ लावून बांधलेल्या या जोडघराची डावी बाजू माझी, उजवी आपली. मागच्या बागेत मधोमध तारेचं कुंपण आहे आणि त्यात एक लहान फाटक आहे. ते दोन वर्षांत उघडलेलं नाही.

एक कोंब मी खुरप्यानं मोकळा केला आणि तो कुठून येतो ते पाहत गेले. ज्याला लोक मूळ म्हणतात ते मूळ नव्हे, जमिनीखालून आडवं धावणारं खोड आहे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र दोन वर्षं होतं, तेवढं अजून ओळखता येतं. हे खोड कुंपणाखालून सरळ आपल्या ताटव्यात जातं. माझ्या बाजूचा सर्वांत पुढचा कोंब कुंपणापासून एक मीटर बारा सेंटिमीटर आत आहे. भूमापन कार्यालयात मी चौतीस वर्षं लोकांच्या हद्दींचे नकाशे काढले. अतिक्रमण कशाला म्हणतात हे मला कुणी समजावण्याची गरज नाही.

माझ्या बागेत सूर्यफूल नाही आणि मला ते नको आहे. येत्या पंचवीस तारखेला गवंडी येईल. कुंपणाच्या पूर्ण लांबीला साठ सेंटिमीटर खोल चर खणून तो काँक्रीट भरेल. फाटक काढून त्या जागीही भरेल. तोपर्यंत आपण आपल्या बाजूची झाडं मुळासकट काढावीत. कसला आक्षेप असल्यास लेखी कळवावा.

पत्र पोस्टानं पाठवत आहे. मागे एकदा मी आपल्या पेटीत हातानं चिठ्ठी टाकली होती, तेव्हा तिकीट नाही म्हणून आपण ती परत केली होती, हे मी विसरलेले नाही.

पलीकडची


८ मार्च

आदरणीय, वंदनीय आणि मोजमापात निष्णात जाऊबाई,

तुमचं पत्र काल पोचलं. ते तुमच्या दारातून निघालं, कोपऱ्यावरच्या पेटीत पडलं, तिथून मुख्य पोस्टात गेलं, थप्प्यांतून फिरलं आणि तीन दिवसांनी सात पावलांवर येऊन ठेपलं. मी पोस्टात एकतीस वर्षं सॉर्टिंग केलं, पण निवृत्तीनंतर खात्यानंही माझा असा सत्कार केला नव्हता. टपाल वाटणारी बाई मला विचारत होती की शेजारी कुणी नवीन राहायला आलंय का. म्हटलं नाही, जुनेच आहेत, फक्त रीतसर आहेत.

आणि 'आपण'! पत्र वाचताना मी दोनदा मागे वळून पाहिलं. वाटलं, कुणी मोठी बाई माझ्या पाठीशी उभी असेल, तिला लिहिलं असेल.

आता सूर्यफुलांचं. माझीच आहेत, नाही म्हणत नाही. पण मी काही त्यांच्या पाठीवर तुमचा पत्ता लिहिला नव्हता. मला मिळाली तेव्हा बोटभर लांबीचे तीन तुकडे होते, आता पलंगाएवढा ताटवा आहे. मला सांगितलं होतं की बारमाही आहेत. मी भोळी, आधी वाटलं बारा महिने फुलतील. फुलतात सप्टेंबर ते ऑक्टोबर, सहा आठवडे. उरलेले दिवस नुसता मुक्काम, चहापुरता येऊन जेवणापर्यंत बसलेल्या पाहुण्यासारखा. तेव्हा फसले मी, आणि नोटीसही मलाच.

झाडं हवी तर निम्मी काढते. पण फाटक काढू नका. हा माझा आक्षेप, तुम्ही मागितला तसा लेखी. दोन वर्षांपूर्वी भाऊजींना एकाएकी जास्त झालं तेव्हा आमचे हे त्याच फाटकातून धावत आले होते. रस्त्यानं वळसा घालून आले असते तर शेवटची भेटही झाली नसती. तुम्ही एकट्या, आम्ही दोघं म्हातारे. काँक्रीटमधून कुणाला धावता येत नाही.

यांनाही विचारलं की तुमचं मत काय. त्यांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. म्हणजे नेहमीचंच मत आहे.

धाकटी

ता. क. तिकीट कडेला समांतर लावलं आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून.


१२ मार्च

धाकट्या बाईंस,

आपला शब्द चुकला आहे. बारा महिने वाहते ती नदी बारमाही. जी वनस्पती वर्षानुवर्षं जगते तिला बहुवर्षायू म्हणतात. आमच्याही घरात एक माणूस हीच चूक करत असे. मी चाळीस वर्षं दुरुस्त करून पाहिली, उपयोग झाला नाही. आपल्याला ही झाडं देणाऱ्याचंही भाषेशी फारसं सख्य नसावं.

विषय पुरता समजून घेतल्याशिवाय मी आक्षेप फेटाळत नाही, म्हणून वाचनालयातून पुस्तक आणलं. पान अठ्ठ्याऐंशीवर या जातीची माहिती आहे. थंडीत तिचा जमिनीवरचा भाग काळा पडून वाळतो, झाड मेलं असं वाटतं, पण खालचं खोड जिवंत असतं आणि थंडी सरली की फुटतं. तुकडा राहिला तरी त्याचं झाड होतं. हे मला ठाऊक नव्हतं.

फाटकाबद्दलचा आक्षेप नामंजूर. दीर धावत आले ते मी मान्य करते. आपण त्यांच्या मागे पाच मिनिटांनी आलात आणि तेही पुढच्या दारानं, घंटी वाजवून. तेव्हा फाटकाचं आपल्याला एवढं प्रेम नव्हतं. शिवाय 'फूटपट्टी'च्या घरी आपल्याला यावंसं तरी का वाटावं? भाच्याच्या लग्नात जेवणाच्या रांगेत आपण माझं हेच बारसं केलंत. ऐकणाऱ्या आठ जणी होत्या. नववी मी, आपल्या पाठीमागे, हातात ताट घेऊन.

ही झाडं कोणत्या रोपवाटिकेतून आणली ते कळवावं. एवढ्या पसरणाऱ्या झाडाबरोबर सूचना न देणाऱ्याला मला पत्र लिहायचं आहे.

पलीकडची


१५ मार्च

जाऊबाई,

रोपवाटिका नव्हे, माणूस. नाव सांगणार नाही, तसा शब्द दिलाय. आणि त्या माणसाला तुम्ही पत्र लिहू शकणार नाही, तुमचं अक्षर कितीही वळणदार असलं तरी.

फूटपट्टी म्हणाले, हो. पण त्याआधीचा आठवडा आठवा. माझ्या कपड्यांच्या दोरीचा खांब चाळीस सेंटिमीटर तुमच्या हद्दीत निघाला म्हणून तुम्ही तो करवतीनं कापलात. कापायला माझी हरकत नव्हती. दोरीवर माझ्या चार ओल्या चादरी होत्या, एवढंच. त्या मातीतून उचलून मी परत धुतल्या आणि तोच राग घेऊन लग्नाला आले. त्या दिवशी तोंडून फक्त फूटपट्टी निघालं हा माझा संयम समजा. खांब परत उभा करा, मी शब्द परत घेते.

मी पुढच्या दारानं का आले तेही ऐका. तुम्ही फाटकाला आतून कडी घातली होती. हे आले तेव्हा कडी भाऊजींच्या सांगण्यावरून आधीच काढलेली असणार. मला काय माहीत ती माझ्यासाठीही उघडी होती की नव्हती. न विचारता आत शिरायची मला भीती वाटली. त्यालाही अतिक्रमण म्हणाल म्हणून.

असो. तुम्ही विचारलंत म्हणून आज ताटव्यात जाऊन पाहिलं. झाडांबरोबर देणाऱ्यानं ओळखीसाठी एक लाकडी पट्टीही दिली होती, ती अजून खोचलेली आहे. वरचं टोक सरळ, खालचं तुटकं. एका अंगाला पेन्सिलीनं 'बारमाही' लिहिलंय. दुसऱ्या अंगाला शून्यापासून सतरापर्यंत आकडे आहेत.

मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही. हेही नोंदीसाठी.

धाकटी


१८ मार्च, सकाळ

हे पत्र तिकिटाशिवाय टाकत आहे. परत करू नये.

पट्टीचं लाकूड गडद आहे का? सात आकड्याजवळ शाईचा डाग आहे का? फक्त एवढंच लिहून माझ्या पेटीत टाकावं.


१८ मार्च, दुपार

आहे. आहे. निळा.


१९ मार्च

धाकटे,

ती पट्टी माझी आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेली, तीस सेंटिमीटरची. सातजवळचा डाग माझ्या पहिल्या नकाशाचा. राहिलेला तुकडा, सतरा ते तीस, माझ्या खणात आहे. त्याच्या पाठीवर 'सूर्यफूल' लिहिलेलं आहे. तो माझ्याकडे कसा आला ते लिहिते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की माझ्या बागेत सूर्यफूल नाही. ते खरं होतं. कधी नव्हतं असं मी लिहिलं नाही, कारण ते खोटं झालं असतं. निवृत्त झाल्यावर ह्यांनी आज गाजरं आहेत त्याच जागी ती लावली होती. मला ती आवडली नाहीत. ओळीत राहत नसत. ह्यांचं म्हणणं, ओळीत राहायला ती काय तुझ्या कचेरीत आहेत?

शेवटच्या डिसेंबरात ती सगळी काळी पडली. ह्यांची खाट तेव्हा मी खिडकीशी आणली होती, बाहेरचं दिसावं म्हणून, आणि बाहेर दिसत होते ते वाळके दांडे. मला ते बघवेना. एका सकाळी फावडं घेऊन सगळं उपटलं. ह्यांनी खिडकीतून म्हटलं, "राहू दे गं." मी म्हटलं, "मेलेलं कशाला ठेवायचं?" त्यावर त्यांनी मान उशीवर टेकली. मला वाटलं, पटलं.

फावड्याखाली काहीतरी मोडलं, ती पट्टी होती. निम्मी जमिनीत खोचलेली होती, तो तुकडा मला सापडला. वरचा सापडला नाही. मी घरात आले आणि माझी इतक्या वर्षांची पट्टी मातीत खुपसली म्हणून त्या आजारी माणसाला बोलले. पुष्कळ बोलले. उपटलेला ढीग फाटकाशी टाकला, दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी येणार होती. फेब्रुवारीत हे गेले. पान अठ्ठ्याऐंशी मी या महिन्यात वाचलं.

आणखी एक. गेले दोन सप्टेंबर तुझ्या बाजूला ती फुलं दिसत होती. मला वाटलं, ह्यांच्या मागे मला हिणवायला तू मुद्दाम तीच जात शोधून आणलीस. मी त्या खिडकीला जाड पडदा लावला. तो अजून आहे.

तुला ती कशी मिळाली ते आता लिही. शब्द दिलेल्या माणसाचं नाव मीच घेतलं आहे, तेव्हा तुझा शब्द मोडत नाही.

थोरली


१९ मार्च, संध्याकाळ

ताई,

'धाकटे' वाचून यांना हाक मारली. यंत्र घालायला लावलं आणि तेवढा एकच शब्द मोठ्यानं वाचून दाखवला. म्हणाले, "मग आता चहाला जायचं का तिकडे?" म्हटलं, धीर धरा, अजून हद्दीचा वाद चालू आहे.

आता ऐका. तुम्ही औषधं आणायला गेला होतात. भाऊजी स्वेटर आणि सपाता घालून फाटकाशी आले आणि कडी काढून उभे राहिले. मी तेव्हा कपडे वाळत घालत होते, खुर्चीच्या पाठीवर, कारण खांब नव्हता. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ढिगातून काढलेले तीन तुकडे आणि ती पट्टी. एवढं वाकल्यानं त्यांना धाप लागली होती. म्हणाले, "कुंपणाशी कुठेही पूर. बारमाही आहे." मी विचारलं, बारा महिने फुलतं का? तर म्हणाले, "फुलण्याचं कोण बोलतंय? राहण्याचं बोलतोय."

मी म्हटलं, ताईंना सांगू का? मी बोलत नव्हते तुमच्याशी, पण ही बातमी सांगायला आनंदानं बोलले असते. नको म्हणाले. "तिला वाटेल मी तक्रार केली. ती काही चुकीनं वागत नाही, तिला फक्त घाई असते." आणि मग म्हणाले, "कधी तिनं आपणहून विचारलं तर परत दे. याच फाटकातून दे. तू पोस्टातली, पार्सल करशील."

म्हणून फाटक. आमच्या म्हातारपणाचं मी लिहिलं ते काही खोटं नव्हतं, पण खरं कारण हे. फाटक गेलं असतं तर मी ते कुठून देणार होते? दोन वर्षं वाट पाहिली. तुम्ही विचारलं नाहीत आणि मला सांगायची मनाई. शेवटी बहुतेक झाडांनाच कंटाळा आला आणि ती आपली आपण निघाली, कुंपणाखालून, वर्षाला अर्धा मीटर या वेगानं. आमच्या खात्यापेक्षा फार हळू नाही.

पट्टी उपटलेली नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा, म्हणाल तिथून देईन. पण गवंड्याचं काय करताय ते आधी सांगा.

धाकटी


२२ मार्च

धाकटे,

गवंडी पंचवीस तारखेला येईल. ठरवलेला माणूस ऐन वेळी नाही म्हणून सांगायची माझी पद्धत नाही. नकाशा मात्र बदलला आहे, सोबत जोडते. वाचता येत नसेल तर दिरांना दाखव.

चर कुंपणालगत जाणार नाही. तो ताटव्याभोवती चौकोनी जाईल. माझ्या बाजूला कुंपणापासून एक मीटर वीस, तुझ्या बाजूला दीड. कुंपण त्या चौकोनाच्या मधून जाईल. आतल्या आत त्यांनी काय हवं ते करावं, बाहेर आली तर मी पाहून घेईन. ही जात इतकी पसरते की मोकळी सोडली तर दोन वर्षांत तुझ्या स्वयंपाकघरात येईल. तुला चालेल म्हणा, तुझ्याकडे पाहुणे उठतच नाहीत. गाजरं मी काढली आहेत. बोटाएवढी झाली होती.

खांब नवा आणला आहे. तो तुझ्या हद्दीत, कुंपणापासून पूर्ण चाळीस सेंटिमीटर आत उभा राहील. गवंडी त्यालाही काँक्रीट घालेल. शब्द परत घेऊ नकोस. आठ जणींसमोर म्हटलेलं परत घेऊन उपयोग नसतो, आणि चुकीचं नव्हतं.

फाटकाची कडी गंजून बसली आहे. तेल घातलं आहे. माझ्याकडून उघडत नाही, जोर पुरत नाही. त्या दिवशी ती ह्यांनी उघडी ठेवली होती, आणि ती तुझ्यासाठीही होती. दीर घरी परतल्यावर बंद केली ती मी.

पट्टीची रीतसर मागणी करते. पंचवीसला सकाळी नऊ वाजता, फाटकातून. तुझ्या बाजूनं तूही ढकल.

थोरली

ता. क. पडदा काढला आहे.


२५ मार्च

देवघेवीची नोंद

आज सकाळी नऊ वाजून अकरा मिनिटांनी (अकरा मिनिटं कडीची) दोन्ही बागांमधल्या फाटकातून हातोहात दिलं-घेतलं ते खालीलप्रमाणे:

धाकटीनं थोरलीस दिलं: लाकडी पट्टीचा तुकडा, एक. शून्य ते सतरा सेंटिमीटर, सातजवळ निळा डाग, पाठीवर पेन्सिलीनं 'बारमाही'. सूर्यफुलाच्या जमिनीखालच्या खोडाचे बोटभर लांबीचे तुकडे, तीन, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. थोरलीनं सांगितलं की माझ्याकडे आधीच एकोणीस कोंब आहेत. धाकटीनं सांगितलं की ते आपणहून आलेले, हे परत केलेले, दोन्ही वेगळं. घेतले.

थोरलीनं धाकटीस दिलं: कपड्यांच्या दोरीचा खांब, नवा, एक. वाचनालयाचं पुस्तक, एक, पान अठ्ठ्याऐंशीवर खूण. वाचून पाच एप्रिलच्या आत वाचनालयात परत करणे.

साक्षीदार: धाकटीचे यजमान, कानातलं यंत्र लावून. गवंडी हजर होता, पण त्याला घाई असल्यानं सही घेतलेली नाही.

पट्टीचे दोन्ही तुकडे थोरलीच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर जोडून पाहिले. लांबी एकोणतीस सेंटिमीटर आठ मिलिमीटर भरली. दोन मिलिमीटर मोडताना गेले. पाठीवरची दोन्ही शब्दांची अक्षरं पूर्ण आहेत. पट्टी डिंकानं जोडून ताटव्यात, कुंपणाच्या रेषेवर खोचली.

'बारमाही' हा शब्द दुरुस्त केलेला नाही.

सही: थोरली
सही: धाकटी